लोगोतली अक्षरं फाटतात, किनार दातेरी येते : कुठून तपासत जावं

"दादा, अक्षरं फाटतायत." डिझाइनच्या कामात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझा पहिला प्रश्न आता ठरून गेलाय : फाटतायत म्हणजे नेमकी कशी? दातेरी किनार हा एकच बिघाड नसतो. निदान सहा वेगवेगळी दुखणी लोक याच शब्दात सांगतात. त्यावर "रिझोल्यूशन वाढवून बघ" हा सल्ला सरसकट दिला जातो. तो यातल्या एकाच दुखण्यावर लागू पडतो, आणि तोही वेळेत दिला तरच.

म्हणून आधी लक्षणं. समजा लोगोत 'अन्नपूर्णा' हा शब्द आहे आणि त्याला बाहेरून जाड किनार आहे. फाइल मोठी करून नीट बघा आणि खालचं कोणतं चित्र जुळतं ते ठरवा.

• पायऱ्या : शिरोरेषा आणि काना सरळ, स्वच्छ, पण 'अ'चं पोट, 'न'ची गाठ, ऊकाराची शेपटी, रफार यांवर करवतीसारखे दात. आडव्या-उभ्या रेषांवर काही नाही, तिरक्या आणि गोल भागांवरच त्रास.
• छाटलेले कोपरे : अक्षर स्वतः ठीक आहे, बाहेरची किनार मात्र गोल वळणावर अष्टकोनी झालीय, कुणी चाकूने तासल्यासारखी.
• काटे : टोकदार जागी किनारीतून लांब सुळका बाहेर आलाय.
• सांध्यांतल्या रेघा : शिरोरेषा जिथे एका अक्षरातून दुसऱ्यात जाते तिथे उभी रेघ किंवा पांढरी भेग.
• झालर : किनारीच्या बाहेर पांढरट कड, किंवा अक्षराभोवती मळकट ठिपके.
• धुरकट शिरोरेषा : दात नाहीत, पण शिरोरेषेच्या वर किंवा खाली एक फिकट पट्टी आहे, त्यामुळे ती धूसर वाटते.

एका फाइलमध्ये दोन-तीन लक्षणं एकत्रही सापडतात. तपासणी मात्र खाली दिलेल्या क्रमानेच करा. सुरुवातीच्या गोष्टींना दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. शेवटच्यांना दिवस जातो. आणि काहीही करण्यापूर्वी मूळ फाइलची वेगळ्या नावाने एक प्रत ठेवा. पुढच्या काही उपायांनंतर अक्षरं परत टाइप करून बदलता येत नाहीत.

१. दात फाइलमध्ये आहेत की फक्त स्क्रीनवर?

फोटोशॉपमध्ये कंट्रोल + १ दाबा. चित्र १०० टक्क्यांवर येईल, म्हणजे फाइलचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर. ३३ किंवा ६६ टक्के अशा अडनिड्या झूमवर, विशेषतः जुन्या आवृत्तीत किंवा ग्राफिक्स कार्डचा वापर बंद असेल तर, चांगली किनारही तुटक दिसते, कारण प्रोग्रॅम घाईघाईने काही पिक्सेल गाळून चित्र दाखवत असतो. १०० वर किनार गुळगुळीत असेल तर फाइलला काही झालेलं नाही.

कोरलड्रॉ वापरणाऱ्यांनी व्ह्यू मेनू उघडून 'एन्हान्स्ड' निवडलेलं आहे का ते बघावं. 'नॉर्मल' किंवा 'ड्राफ्ट' असेल तर वक्ररेषा खडबडीत दिसणारच. मशीन हळू चालतं म्हणून कुणीतरी ते कधीतरी बदललेलं असतं आणि मग तसंच राहून जातं. पीडीएफमध्ये बारीक पांढऱ्या भेगा दिसत असतील तर झूम वाढवून बघा. झूम वाढवूनही भेग केसाइतकीच बारीक राहिली तर ती दाखवण्यातली आहे. झूमबरोबर रुंद होत गेली तर खरी आहे.

हे आधी तपासायचं कारण साधं आहे. फाइल निर्दोष असताना तिच्यावर केलेली प्रत्येक 'दुरुस्ती' तिला बिघडवते. ब्लर मारून दात लपवलेल्या कितीतरी फाइली माझ्याकडे आल्या आहेत. त्यांचं मूळ चांगलं होतं, आणि ते परत मिळवता आलं नाही.

२. अँटी-अलायसिंग आणि कलर मोड

पिक्सेल चौकोनी असतो. चौकोनांनी तिरकी रेघ काढली की पायऱ्या पडतात, विटांनी उतार बांधावा तशा. अँटी-अलायसिंग म्हणजे कडेच्या पिक्सेलना अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांच्या मधल्या छटा देणं. लांबून डोळ्याला त्या छटा एकत्र दिसतात आणि वळण गुळगुळीत वाटतं. शिरोरेषा आणि काना सरळ असल्याने त्यांना या छटांची गरजच पडत नाही. पहिल्या लक्षणात फक्त गोल भागच का फाटतात, त्याचं उत्तर हेच.

फोटोशॉपमध्ये टाइप टूल घेतल्यावर वरच्या पट्टीत छोटा 'एए' दिसतो. तिथे 'नन' असेल तर 'शार्प', 'क्रिस्प', 'स्ट्राँग' किंवा 'स्मूद' यांपैकी एक निवडा. मी लोगोसाठी 'क्रिस्प'पासून सुरुवात करतो. जाड अक्षराला 'स्मूद'ही चालतं. गिम्पमध्ये (फोटोशॉपसारखा मोफत प्रोग्रॅम) टेक्स्ट टूलच्या पर्यायांत 'अँटी-अलायसिंग'ची खूण आहे, ती लावलेली हवी.

खूण आहे, तरी दात आहेत? मग फाइलच्या नावाची पट्टी वाचा. तिथे 'इंडेक्स्ड' लिहिलं असेल तर दुखणं सापडलं. जीआयएफ किंवा आठ बिटांची पीएनजी उघडून त्यावरच काम सुरू केलं की असं होतं. इंडेक्स्ड मोडमध्ये रंगांची संख्या मोजकी असते, त्यामुळे मधल्या छटांना जागाच मिळत नाही. इमेज मेनूतून मोड 'आरजीबी' करा आणि अक्षरं पुन्हा टाइप करा. आधी टाइप केलेली तशीच ठेवून फक्त मोड बदलला तर दात जात नाहीत. ते तेव्हाच कोरले गेलेले असतात.

याच टप्प्यावर 'फॉ बोल्ड'ही बघून घ्या. फाँटला खरा जाड प्रकार नसताना कॅरेक्टर पॅनलमधलं जाड 'टी' दाबलं की प्रोग्रॅम अक्षर नुसतं फुगवतो. रफार आणि मात्रा एकमेकींना चिकटतात, 'ण'मधली जागा बुजते. शिवाय फॉ बोल्ड लावलेला मजकूर फोटोशॉप शेपमध्ये बदलूच देत नाही, म्हणजे पुढचे चांगले उपाय बंद होतात. फाँटचा खरा बोल्ड वापरा. 'मुक्ता' किंवा 'बलू' यांसारखे मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मोफत देवनागरी फाँट अनेक जाड्यांमध्ये मिळतात, त्यामुळे अक्षर फुगवायची वेळ येत नाही.

धुरकट शिरोरेषेचं कारणही इथलंच, फक्त उलट्या बाजूने. शिरोरेषेची कड दोन पिक्सेलच्या अधेमधे पडली की प्रोग्रॅम तिथे अर्धी छटा देतो. रोमन लिपीत असा एकच सलग आडवा पट्टा नसतो, म्हणून इंग्रजी धड्यांमध्ये याचा फारसा उल्लेख सापडत नाही. आपल्याकडे मात्र पूर्ण शब्दाची कड मऊ पडते. अक्षरांचा आकार एखाद्या पॉइंटने कमी-जास्त करून बघा. कड पूर्ण पिक्सेलवर बसली की शिरोरेषा एकदम ठसठशीत होते. वेबसाइटवर वापरायच्या छोट्या लोगोत या एवढ्याशा बदलाने फार फरक पडतो.

३. मुळात पिक्सेल किती आहेत?

व्हिजिटिंग कार्ड साधारण साडेतीन बाय दोन इंचांचं असतं. ते ३०० पीपीआयने (एका इंचात ३०० पिक्सेल) केलं तर १०५० बाय ६०० पिक्सेल मिळतात. नवीन फाइल उघडताना ७२ तसंच राहिलं तर मिळतात २५२ बाय १४४. एवढ्यात अख्खं कार्ड, त्यातल्या कोपऱ्यात लोगो आणि लोगोत 'अन्नपूर्णा'. रफाराच्या वाट्याला जेमतेम दोन-चार पिक्सेल येतील. तेवढ्यात वळण काढता येत नाही, मग सेटिंग कोणतंही असो.

इथेच रिझोल्यूशन वाढवायचा सल्ला कामाचा आहे, पण एका अटीवर : मजकूर अजून 'जिवंत' असला पाहिजे, म्हणजे टाइप टूलने क्लिक केल्यावर कर्सर आला पाहिजे. तसा असेल तर इमेज साइझमध्ये ३०० करा, 'रीसॅम्पल' चालू ठेवा, लेअर स्टाइल मोजून वाढवण्याची खूणही लावा. अक्षरं नव्याने, स्वच्छ आखली जातील. मजकूर 'रास्टराइज' केलेला, म्हणजे पिक्सेलांत बदललेला असेल तर मात्र आहेत तेच दात मोठे किंवा धूसर होतील. आणि 'रीसॅम्पल'च्या यादीत चुकून 'निअरेस्ट नेबर' निवडलेलं असलं तर पायऱ्या आणखी ठळक होतात. ती पद्धत पिक्सेल आर्टसाठी आहे.

फ्लेक्ससाठी उगाच घाबरू नका. १० बाय ६ फुटांचा फलक ७२ पीपीआयने केला तरी ८६४० बाय ५१८४ पिक्सेल होतात, आणि तो रस्त्यापलीकडून बघायचा असतो. तिथे ३०० चा हट्ट धरला तर फक्त मशीन अडकतं.

४. किनार काढली कशी?

मी दुरुस्त केलेल्या फाइलींपैकी बहुतेकांचं दुखणं इथे निघालं. म्हणून यावर जरा थांबतो.

बऱ्याच व्हिडिओंमध्ये शिकवली जाणारी पद्धत अशी : कंट्रोल दाबून टेक्स्ट लेअरच्या छोट्या चित्रावर क्लिक करायचं, सिलेक्शन मिळतं. मग सिलेक्ट, मॉडिफाय, एक्सपांड, ६ पिक्सेल. खाली नवा लेअर घेऊन रंग भरायचा. झाली किनार. दिसायला सोपं आहे, पण सिलेक्शन पिक्सेलांचं बनलेलं असतं. एक्सपांड करताना प्रोग्रॅम अक्षराचं वळण वाढवत नाही, पिक्सेलांची कड बाहेर ढकलतो. त्यात कडेच्या मधल्या छटा हरवतात आणि गोल वळणाला कोपरे पडतात. दुसऱ्या लक्षणातला अष्टकोन तो हाच. त्याच सिलेक्शनवर पुन्हा एक्सपांड करून दुहेरी किनार काढली तर कोपरे अजून वाढतात. गिम्पमधल्या 'ग्रो'चंही जवळपास असंच होतं. तिथे कोपरे कमी पडतात, पायऱ्या जास्त.

फोटोशॉपमध्ये त्याऐवजी मजकूर जिवंत ठेवून लेअर स्टाइलमधला 'स्ट्रोक' लावा, पोझिशन 'आउटसाइड'. बारीक आणि मध्यम किनारीला हे पुरतं, आणि शब्द बदलला तरी किनार त्याच्याबरोबर बदलते. एक लक्षात ठेवा, हा स्ट्रोक अक्षराच्या कडेवरून मोजला जातो. अक्षरालाच दात असतील तर ते किनारीतही उतरतील. म्हणून दुसरी तपासणी आधी करायची. 'आउटसाइड'मध्ये कोपरे गोल येतात, 'इनसाइड'मध्ये टोकदार. पण इनसाइड अक्षराचं अंग खातं, आणि देवनागरीत मात्रा, अनुस्वार आधीच बारीक असल्याने ते मी टाळतो.

किनार खूप जाड हवी असेल तर टेक्स्ट लेअरची प्रत काढून लपवून ठेवा आणि दुसऱ्या प्रतीवर 'कन्व्हर्ट टू शेप' करा. आता अक्षर पिक्सेलचं न राहता गणिती वळणाचं झालं. शेप टूल घेऊन वरच्या पट्टीतून स्ट्रोक द्या, बाहेरच्या बाजूला, कोपरे गोल. शेपला असा खरा स्ट्रोक देण्याची सोय फोटोशॉप सीएस ६ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. त्याआधीची आवृत्ती असेल तर ती दिसणार नाही. लपवलेली प्रत मात्र टाकू नका. "पू दीर्घ हवा होता, ऱ्हस्व पडलाय" हा फोन छपाईच्या आदल्या रात्री हमखास येतो, आणि शेप झालेल्या अक्षरात ऊकार टाइप करून बदलता येत नाही.

गिम्पमध्ये टेक्स्ट लेअरवर राइट क्लिक करून मजकुराचा पाथ, म्हणजे कडेची वळणरेषा, बनवा. नवा रिकामा लेअर टेक्स्टच्या *खाली* घ्या, मग एडिट मेनूतून 'स्ट्रोक पाथ'. जाडी दुप्पट लिहा : ६ पिक्सेलची किनार हवी असेल तर १२, कारण रेषा पाथच्या मधोमध बसते आणि अर्धी अक्षराखाली झाकली जाते. लाइन स्टाइलमध्ये जोड गोल ठेवा आणि 'अँटी-अलायसिंग'ची खूण लावा. ती तिथे वेगळी असते, टेक्स्ट टूलमधली खूण इथे लागू होत नाही. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिम्प ३.० मध्ये टेक्स्ट टूललाच किनारीचा पर्याय मिळाला आहे. नवी आवृत्ती असेल तर आधी तोच वापरा, मजकूर जिवंत राहतो.

माझं स्पष्ट मत सांगतो : लोगोची अक्षरं मुळात फोटोच्या प्रोग्रॅममध्ये करू नयेत. आज तो व्हॉट्सॲपच्या डीपीत बसतो, उद्या दुकानाच्या पाटीवर जातो, परवा गाडीच्या काचेवर रेडियम कटिंगला. प्रत्येक वेळी आकार वेगळा. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर किंवा फुकट मिळणारं इंकस्केप यांत अक्षर वळणांच्या रूपात राहतं, म्हणून कुठल्याही आकाराला त्याला दात येत नाहीत. चार तास फोटोशॉपमध्ये किनार घासण्यापेक्षा तासाभरात इंकस्केपमध्ये तोच शब्द नव्याने बांधून होतो.

५. शिरोरेषेचे सांधे

अशा वळणांच्या, म्हणजे व्हेक्टर, प्रोग्रॅममध्ये गेलात की दातांचा त्रास संपतो आणि आपल्या लिपीचा खास त्रास सुरू होतो. रोमन अक्षरं सुटी उभी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेखाली हातात हात धरून उभी असतात. मध्ये फट दिसू नये म्हणून फाँट बनवणारे प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्यावर किंचित चढवतात. नुसता रंग भरलेला असतो तोवर ते चढणं दिसत नाही. किनार दिली की प्रत्येक अक्षराला स्वतःची वेगळी किनार मिळते आणि सांध्यावर उभ्या रेघा उमटतात. मात्रा, वेलांट्या, रफार वेगळे तुकडे असतील, जसे जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये असतात, तर रेघा आणखी वाढतात.

उपाय : अक्षरं वळणांत बदला आणि सगळे तुकडे जोडून एकच आकार करा. इंकस्केपमध्ये 'ऑब्जेक्ट टू पाथ', मग अनग्रुप, मग 'युनियन'. इलस्ट्रेटरमध्ये 'क्रिएट आउटलाइन्स', मग पाथफाइंडरमधलं 'युनाइट'. कोरलमध्ये कंट्रोल + क्यू आणि मग 'वेल्ड'.

कोरलवाल्यांनी इथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. वेल्डच्या जागी सवयीने कंट्रोल + एल, म्हणजे 'कंबाइन' दाबलं तर जिथे दोन अक्षरं एकमेकांवर चढली आहेत तिथे पांढरी भोकं पडतात. कंबाइन एकावर एक आलेल्या भागाला पोकळी समजतं. आणि वळणं केल्यावर कंट्रोल + के ने तुकडे केले तर 'प', 'ण', 'ब' यांच्या पोटातली जागा वेगळा तुकडा होऊन रंगाने भरून जाते. ही भरलेली पोटं पाटीवर छापून गेलेली मी पाहिली आहेत.

अक्षरांमधलं अंतर हाताने वाढवलं असेल तर शिरोरेषेत खरीखुरी भेग पडते. अंतर पुन्हा शून्यावर आणा. मोकळी अक्षरं हवीच असतील तर भेगेवर शिरोरेषेच्या नेमक्या जाडीचा आयत काढा आणि तोही वेल्ड करा. जाडी डोळ्यांनी ठरवू नका, वरच्या आणि खालच्या कडेला स्नॅप करा. थोडीशी चूकही मोठ्या पाटीवर गाठीसारखी दिसते.

काटे घालवायचे तर काम सोपं आहे. स्ट्रोकचा जोड 'मायटर' (टोकदार) असतो तेव्हा अरुंद कोन लांबपर्यंत सुळक्यासारखा जातो. जोड 'राउंड' करा, किंवा टोकं राखायची असतील तर 'मायटर लिमिट' कमी करा. कोरलमध्ये एफ १२ दाबल्यावर कोपऱ्यांचा पर्याय मिळतो. तिथेच 'बिहाइंड फिल'ला खूण करा म्हणजे किनार अक्षराच्या मागे जाते आणि अंग खात नाही, आणि 'स्केल विथ ऑब्जेक्ट'लाही करा. ही दुसरी खूण विसरली तर लोगो छोटा केल्यावर किनार तेवढीच जाड राहते आणि अक्षर बुजून जातं.

६. बाहेर काढताना आणि पाठवताना

आत सगळं सुंदर, बाहेर काढलेली फाइल मात्र खराब. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो किंवा पूर्ण पारदर्शक असतो, मधलं काही नाही. त्यामुळे पारदर्शक पार्श्वभूमीवर किनारीला दात येतात किंवा पांढरी झालर राहते. लोगो पारदर्शक हवा असेल तर २४ बिटांची पीएनजी काढा. जेपीजीत पारदर्शकता नसते, आणि कमी दर्जाला अक्षराभोवती मळ साचतो. लाल अक्षर पिवळ्यावर असेल तर फारच.

पांढरी झालर आधीच चिकटलेली असेल तर तिचं कारण बहुधा मॅजिक वाँड (एका रंगाचा भाग एकदम निवडणारं टूल) असतं. कुणीतरी पांढरी पार्श्वभूमी वाँडने उडवली, आणि पांढऱ्यात मिसळलेल्या कडेच्या छटा मागे राहिल्या. फोटोशॉपच्या लेअर मेनूत मॅटिंगमध्ये 'डिफ्रिंज' आहे, एक पिक्सेल देऊन बघा. पण मूळ लेअरवाली फाइल मिळत असेल तर तिथूनच पारदर्शक काढा, ते केव्हाही चांगलं.

आणि व्हॉट्सॲप. फोटो म्हणून पाठवलं की चित्र लहान होतं आणि दाबलंही जातं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ग्राहकाने पाठवलेला लोगो फाटलेला असेल तर दुरुस्तीला बसण्याआधी एकदा विचारा, "तुमच्याकडे मूळ फाइल आहे का, ती डॉक्युमेंट म्हणून पाठवता का?" एवढ्या एका निरोपाने माझी पुष्कळ कामं तिथेच संपली आहेत.

७. स्क्रीनवर ठीक, कागदावर दातेरी

ऑफसेटच्या प्लेटवर व्हेक्टर अक्षर साधारण २४०० डीपीआयने (इंचाला २४०० ठिपके) उमटतं. तेच अक्षर ३०० च्या टिफमधून गेलं तर त्याची कड ३०० चीच राहते, शिवाय तिच्यावर रंगांच्या टिंबांची जाळी पडते. भिंगातून पाहिलं तर फरक लगेच कळतो, बारीक मजकुरात भिंगाशिवायही. फोटोशॉपमध्येच काम करायचं असेल तर मजकूर रास्टराइज न करता फाइल फोटोशॉप पीडीएफ म्हणून द्या. जिवंत अक्षरं त्यात व्हेक्टर राहतात. कोरलमधून देताना फाँट वळणांत बदलून द्या, नाहीतर समोरच्या मशीनवर तो फाँट नसला की अक्षरंच बदलतात.

फिकट रंगाची बारीक किनार छपाईत तुटक दिसते तेव्हा फाइलमध्ये दोष शोधत बसू नका. फिकट रंग टिंबांनीच बनतो, आणि बारीक रेषेत टिंबं मावत नाहीत. किनार जाड करा किंवा पूर्ण शंभर टक्के शाईचा रंग घ्या.

८. हातात फक्त फाटकी जेपीजी आहे

हे सगळ्यात अवघड. आपोआप ट्रेस करायचा, म्हणजे प्रोग्रॅमकडूनच चित्राची वळणं काढून घ्यायचा, मोह होतो. 'ट्रेस बिटमॅप' दाबलं की वळणं मिळतातही, पण प्रोग्रॅमला दात आणि अक्षर वेगळं कळत नाही. तो दातांचीही वळणं करतो. एक खूण सांगतो. ट्रेस झाल्यावर शिरोरेषेचे नोड, म्हणजे रेषा ठरवणारे बिंदू, बघा. सरळ रेषेला दोन टोकांना नोड पुरतात. तिथे वीस-पंचवीस नोड असतील आणि रेषा ओल्या सुतासारखी हलत असेल तर तो ट्रेस टाकून द्या. 'स्मूद' आणि 'सिम्प्लिफाय'ने तो सुधारत नाही, फक्त साबणासारखा झिजतो.

त्यापेक्षा फाँट ओळखून पुन्हा टाइप करणं बरं. ओळखताना 'अ', 'ल', 'श', 'ख' आणि ५, ८ हे अंक बघा. फाँटांमधला फरक तिथे चटकन सापडतो. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदी वळणाहून वेगळे असतात. काही युनिकोड फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच मराठी रूप येतं. फाँट बरोबर असून 'ल' जुळत नसेल तर हे तपासा. फाँट सापडला की जुनं चित्र खाली फिकट ठेवून त्यावर शब्द बसवा आणि पाचव्या तपासणीतून पुढे जा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

लोगो हाताने रेखलेल्या अक्षरांचा असेल, फाँटचा नसेल, आणि मूळ कागद हरवला असेल, तर सुलेखन किंवा अक्षररचना करणाऱ्या माणसाकडून तो नव्याने रेखून घ्या. नोड ओढून वळण जमत नाही. बोरूचा जाड-बारीक प्रवाह ज्याच्या हातात आहे त्यालाच तो कळतो, आणि त्याचे पैसे देण्यासारखे असतात.

रेडियम कटिंग, लेझर, धातूची अक्षरं, कपड्यावरची भरतकामाची मशीन : ही यंत्रं फाइलीबरहुकूम सुई, पातं किंवा लेझर फिरवतात. वेल्ड केलेली स्वच्छ फाइल देऊन तुमचं काम संपतं. पुढचं पंचिंग (भरतकामाच्या टाक्यांची फाइल) किंवा कटिंगची फाइल ते यंत्र चालवणाऱ्यानेच करावी. घरी केलेल्या भरतकामाच्या फाइलीने दोरा तुटतो आणि कापडही जातं.

डब्याचं किंवा पिशवीचं पॅकेजिंग चार रंगांत जाणार असेल आणि किनारीच्या दोन रंगांमध्ये पांढरी फट दिसत असेल तर तो ट्रॅपिंगचा, म्हणजे शेजारचे रंग किंचित एकमेकांवर चढवण्याचा, प्रश्न आहे. छापखान्याच्या प्रीप्रेसवाल्याला (छपाईआधी फाइल तयार करणाऱ्याला) दाखवा, स्वतः किनारी एकमेकींवर सरकवू नका.

लोगोची ट्रेडमार्क नोंदणी झालेली असेल तर फाँट बदलण्याआधी किंवा अक्षराचं वळण 'सुधारण्या'आधी मालकाला आणि त्यांच्या वकिलाला विचारा. दात घालवणं वेगळं आणि नोंदवलेलं चिन्ह बदलणं वेगळं. ती रेषा कुठे आहे हे डिझायनरने ठरवायचं नाही.

आणि सगळ्या फाइली, सगळे प्रोग्रॅम एकाच मशीनवर दातेरी दिसत असतील, दुसऱ्या मशीनवर ठीक असतील, तर डिस्प्लेचं रिझोल्यूशन आणि ग्राफिक्स ड्रायव्हर एकदा बघून हार्डवेअरवाल्याला बोलवा.

कुणाकडेही जाताना बरोबर न्या : सगळ्यात जुनी मिळेल ती मूळ फाइल, वापरलेला फाँट किंवा त्याचं नाव, जिथे त्रास दिसतो त्या जागेचा १०० टक्क्यांवरचा स्क्रीनशॉट, छापलेला नमुना असेल तर तो, आणि लोगो सगळ्यात मोठा व सगळ्यात लहान कुठे लागणार आहे ती मापं.